काटा, वही आणि तक्रार: सोलापूरच्या लहान कारखान्यात नीतीचा कारभार कसा बसवायचा

आधी एका टॉवेलचा हिशोब करू. ३० बाय ६० इंचाचा टॉवेल म्हणजे १.१६ चौरस मीटर कापड. पार्टीला, म्हणजे माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला, ४५० जीएसएम (दर चौरस मीटरला ४५० ग्रॅम) कबूल केलं असेल, तर एका नगाचं वजन ५२२ ग्रॅम भरायला हवं. तोच टॉवेल ४२० ने विणला तर ४८८ ग्रॅमच्या आसपास भरतो. फरक जवळपास ३५ ग्रॅमचा, हातात घेऊन कुणाला कळणार नाही. पण डझनामागे तो ४१८ ग्रॅम होतो आणि हजार डझनांच्या ऑर्डरीत ४१८ किलो सूत.

फसवायचंच म्हणून असा माल सहसा कुणी विणायला घेत नाही. पार्टीने भाव पाडून मागितलेला असतो. ‘आधी ऑर्डर तर घेऊ’ म्हणून आपण मान डोलावलेली असते. मध्येच सूत महागतं आणि मग एका संध्याकाळी जॉबरला, म्हणजे माग जुळवणाऱ्या कारागिराला, सांगितलं जातं, पाइल (टॉवेलवरचे सुताचे फासे) जरा कमी कर. चूक मागावर दिसते, पण ती झालेली असते दोन महिने आधी, फोनवर भाव देताना. कारखान्यातल्या बहुतेक गैरव्यवहारांचं असंच असतं. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: अडचणीच्या क्षणी कुणाला मनाचा मोठेपणा दाखवावा लागू नये, इतकी कामाची पद्धत आधीच पक्की हवी.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरीचे कारखाने, शहरातले गणवेश शिवणारे युनिट, चिंचोळीतले लहान उद्योग, अशा दहा ते साठ माणसांच्या जागा डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. एचआर नावाचा विभाग तिथे नसतो. मालक, मुनीम, मुकादम आणि जॉबर एवढ्यांवरच सगळं चालतं.

पहिले पंधरा दिवस: कमजोर जागा शोधा

नियम लिहायला बसू नका, आधी फिरा. दिवसपाळीत दोनदा, रातपाळीत दोनदा. जिथे पैसा, वजन किंवा अधिकार एका हातातून दुसऱ्या हातात जातो अशी प्रत्येक जागा वहीत टिपा: सूत उतरवतानाचा काटा, बीमचं (ताण्याचं, म्हणजे उभं सूत गुंडाळलेल्या रुळाचं) वाटप, विणलेल्या मालाची मोजणी, डॅमेजची कपात, उचल, हजेरी, रंगाईला जाणारा आणि परत येणारा माल, भंगाराची विक्री, सरकारी तपासणी, दिवाळीची भेट.

प्रत्येक जागेपुढे तीन प्रश्न लिहा. इथे ठरवतं कोण? तपासतं कोण? ते लिहिलं जातं कुठे? पहिल्या दोन्ही प्रश्नांना एकाच माणसाचं नाव येत असेल आणि तिसऱ्याला ‘लिहीत नाही’ असं उत्तर असेल, तर त्या जागेखाली लाल रेघ मारा. साधारणपणे बीम वाटप, डॅमेज आणि भंगार या तीन जागा पहिल्याच फेरीत लाल होतात.

कामगारांशी बोलताना ऑफिसात बोलावू नका. खुर्चीसमोर उभा राहिलेला माणूस ‘सगळं बरं आहे’ एवढंच सांगतो. चहाच्या वेळी, मागाजवळ, आणि शक्य असेल तर त्याच्या भाषेत बोला. सोलापुरात हा मुद्दा वरवरचा नाही. साखर पेठेपासून विडी घरकुलापर्यंत घरात तेलुगू बोलणारी हजारो कामगार कुटुंबं आहेत, अक्कलकोट बाजूने येणाऱ्यांची कानडी आहे, नई जिंदगीकडच्या अनेकांची दख्खनी. मराठी सगळ्यांना समजते, पण तक्रार माणूस आईच्या भाषेत करतो.

नियमांचं पान एकच असू द्या

मोठ्या कंपन्यांची वीस पानी आचारसंहिता उतरवून आणू नका, ती फायलीतच राहते. एका पानावर मावतील अशी आठ-दहा वाक्यं पुरेत आणि प्रत्येक वाक्यात करायची किंवा न करायची कृती असावी. ‘सर्वांनी सचोटीने वागावे’ या वाक्याने काहीच ठरत नाही. ‘सूत उतरवताना काट्यावर दोन माणसं उभी राहतील आणि दोघंही सही करतील’ हे वाक्य काम करतं. ‘भेटवस्तू स्वीकारू नयेत’ असं लिहून दिवाळीत मिठाईचा डबा घेतला की अख्खं पान हास्यास्पद ठरतं. त्यापेक्षा सरळ लिहा: ५०० रुपयांपर्यंतची खाण्याची वस्तू चालेल, ती ऑफिसात उघडून सगळ्यांना वाटायची, रोख आणि कूपन कधीच घ्यायचं नाही.

पान मराठीत लिहा, तेलुगू आणि कानडीत करून घ्या, गरज असेल तिथे उर्दूतही. मग पाळी बदलताना, दोन्ही पाळ्यांची माणसं हजर असताना मोठ्याने वाचा. वाचून झालं की दोघा-तिघांना विचारा, ‘आता तुम्ही सांगा, काय कळलं?’ जिथे ते अडखळतील ते वाक्य बदला. मालकाला लागू न होणारं एकही वाक्य त्या पानावर नको. मालकाचा भाचा हजेरी न लावता पगार घेत असेल, तर पान छापण्याआधी ते थांबवा.

पगार, कपात आणि उचल

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कामगाराच्या दृष्टीने कारखान्याची नीती म्हणजे शनिवारी हातात पडणारा आकडा आणि तो कसा आला याचा खुलासा.

पीस रेटवर काम असेल तर प्रत्येक क्वालिटीचा दर मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा. दर बदलायचा असेल तर नवा बीम चढण्याआधी सांगा. माल उतरल्यावर बदललेला दर ही सरळ फसवणूक आहे. मोजणी विणकरासमोर करा, तारीख, माग क्रमांक, नग आणि वजन लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि एक चिठ्ठी त्याच्या हातात द्या. दोन पावती पुस्तकांत महिन्याभराची भांडणं मिटतात.

डॅमेजची कपात करण्याआधी कारण शोधा. एका नगात ठरावीक अंतरावर तीच खोट परत परत येत असेल, तर बहुतेक वेळा दोष मागाच्या सेटिंगचा असतो आणि ते काम जॉबरचं. ताण्याच्या तारा सारख्या तुटत असतील तर सूत कच्चं आहे किंवा सायझिंग (सुताला खळ देण्याचं काम) बिघडलं आहे. तेलाचे डाग पडत असतील तर देखभालीकडे बघा. तुटलेली तार दिसूनही माग चालू ठेवला, तर मात्र तो विणकराचा निष्काळजीपणा म्हणता येईल. कायद्यानेही नुकसानभरपाईची कपात तेव्हाच करता येते, जेव्हा नुकसान त्या कामगाराच्या हलगर्जीपणामुळे झालेलं असतं आणि त्याला आपली बाजू मांडायची संधी मिळालेली असते. दंड वेगळा. तो त्या काळातल्या पगाराच्या ३ टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. सगळ्या कपाती मिळूनही पगाराच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. डॅमेजच्या वहीत ‘कारण’ हा रकाना ठेवा आणि तो कोरा असेल तर कपात करायची नाही असा नियम मुनिमाला घालून द्या. दोन महिन्यांनी ती वही चाळा. निम्मी कारणं सूत आणि मागाची निघाली, तर आजवर कुणाच्या खिशातून काय गेलं ते कळेल. मागच्या कपाती परत करायची वेळ आली तर त्या परत करा.

आता उचल. मुलीचं लग्न, आजारपण, घराचा हप्ता यासाठी कामगार उचल मागतो आणि मालक देतो. यात वाईट काही नाही. पण उचल फिटेपर्यंत दुसरीकडे कामाला जायचं नाही, अशी अट घातली की तीच उचल वेठबिगारीच्या वाटेने जाते. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने असे करार बेकायदा ठरवले आहेत. व्यवस्थित पद्धत अशी: दोन महिन्यांच्या पगारापेक्षा जास्त उचल नाही, व्याज नाही, हप्ता आधी ठरलेला. २४,००० रुपये घेतले तर महिना २,०००, बारा महिने. कार्ड दोन, एक मुनिमाकडे, एक कामगाराकडे, प्रत्येक हप्त्याला दोन्हीवर नोंद. मूळ आधार कार्ड, एटीएम कार्ड, कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा यातलं काहीही ठेवून घ्यायचं नाही. माणूस मध्येच काम सोडून निघाला तर उरलेल्या रकमेचा हप्ता लिहून घ्या, त्याचा राहिलेला पगार अडवू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार काम सोडणाऱ्याचा हिशोब दोन कामकाजी दिवसांत द्यावा लागतो. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, जादा तासांचा दर दुप्पट.

पीएफचं एक वाक्यात सांगतो, कारण त्यात खल करण्यासारखं काही नाही: पगारातून कापलेला हिस्सा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरला नाही, तर तो कामगाराचा पैसा तुम्ही वापरलेला असतो.

मुकादमाच्या हातातला बीम

पीस रेटच्या कारखान्यात कुणाला शिक्षा करायची असेल तर ओरडावं लागत नाही. त्याला खराब बीम द्यायचा. तार दर पाच मिनिटांनी तुटते, माग थांबतो, उत्पादन निम्म्यावर येतं आणि शनिवारी पगारही. कागदावर काहीच दिसत नाही. कांडी (आडव्या सुताची नळी) भरणाऱ्या बाईला गुंतलेलं सूत देणं, शिलाईवालीला सारखी कॉलर आणि बगलेची अवघड कामं देणं हे त्याच जातीचं. बीम वाटपाची पाळी ठरवा, माग क्रमांकाने फिरती ठेवा आणि ती फळ्यावर लिहा. ज्या दिवशी बीमवर तार जास्त तुटते त्या दिवशी पीस रेट न लावता सरासरी रोजंदारी द्या. सरासरी कशी काढायची तेही आधीच ठरवा. मागच्या चार आठवड्यांचं एकूण भागिले कामाचे दिवस हा सोपा हिशोब आहे.

तक्रार कुठे जाते

तक्रारपेटी ऑफिसच्या दारात, कॅमेऱ्याखाली लावलेली असते आणि वर्षभर रिकामी राहते. मग मालक म्हणतात, ‘आमच्याकडे तक्रारच नाही.’ पेटी पाण्याच्या माठाजवळ किंवा कपडे बदलण्याच्या जागेजवळ लावा, जिथे थांबलं तरी कुणाला वेगळं वाटत नाही. कुलपं दोन, किल्ल्या दोन माणसांकडे, त्यातली एक कामगारांनी निवडलेल्या व्यक्तीकडे. दर शनिवारी दोघांनी मिळून उघडायची, रिकामी असली तरी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी कारखान्याबाहेरच्या एखाद्या विश्वासू व्यक्तीचा, निवृत्त शिक्षिकेचा किंवा वकिलाचा, नंबर भिंतीवर द्या आणि तोंडी तक्रारीलाही लेखीइतकंच वजन द्या. सात दिवसांत काही ना काही उत्तर गेलंच पाहिजे, ‘चौकशी चालू आहे’ एवढं का होईना.

लैंगिक छळाच्या तक्रारीची वाट वेगळी आहे आणि ती कायद्याने आखलेली आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील, तर २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असलीच पाहिजे. अध्यक्ष तिथेच काम करणारी वरिष्ठ स्त्री, किमान दोन सदस्य कर्मचाऱ्यांतले, एक सदस्य बाहेरची, महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाणकार, आणि एकूण सदस्यांत निम्म्या तरी स्त्रिया. समिती नेमली नाही तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करता येते. कारण योग्य असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची, अहवाल त्यानंतर १० दिवसांत द्यायचा आणि मालकाने ६० दिवसांत त्यावर कारवाई करायची. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. हे वाक्य नियमांच्या पानावर ठळक छापा.

प्रत्यक्षात चुकतं ते असं. मालकाची पत्नी अध्यक्ष, मुनीम सदस्य आणि बाहेरच्या सदस्याची फक्त सही. किंवा तक्रार आली की मुकादम दोघांना समोरासमोर बसवतो आणि ‘मिटवून टाका, बाईचंच नाव खराब होईल’ म्हणतो. तडजोड फक्त तक्रार करणाऱ्या स्त्रीने स्वतः मागितली तरच करता येते, आणि पैसे देऊन तर मुळीच नाही. तिचं नाव, साक्षीदारांची नावं, चौकशीत काय झालं, यातलं काहीही बाहेर जाऊ द्यायचं नाही. चौकशी चालू असताना बदली करायची वेळ आली, तर ज्याच्यावर आरोप आहे त्याची पाळी बदला. सवयीने आपण बाईला घरी बसवतो आणि तिचा रोज बुडतो.

अडचणीचा निर्णय कसा घ्यायचा

आता सुरुवातीच्या टॉवेलकडे येऊ. गुरुवार आहे. शनिवारी हजार डझन माल ट्रकमध्ये चढायचा आहे आणि वजन कमी भरतंय. पार्टीचा माणूस दहा नग मोजून बघेल, कदाचित बघणारही नाही. काय करायचं?

पहिलं काम, खरं काय आहे ते मोजा. कापूस हवेतली ओल धरतो, व्यापारात ८.५ टक्के ओल प्रमाण मानली जाते. एप्रिलच्या सोलापुरी उन्हात कापडातली ओल ५ टक्क्यांवर उतरली, तर ५२२ ग्रॅमचा तोच टॉवेल ५०५ च्या आसपास भरतो. म्हणजे ३५ ग्रॅमच्या तुटीतले सतरा ग्रॅम नुसत्या कोरड्या हवेचे असू शकतात. वेगवेगळ्या गाठींतून वीस नग काढा, २७ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता ठेवलेल्या प्रयोगशाळेत एक दिवस राहू द्या आणि मग वजन करा. उलटी लबाडीही याच गुणावर चालते: पाणी मारून माल जड करतात. तपासण्याआधी जॉबरवर किंवा पार्टीवर आरोप करू नका.

तूट खरीच निघाली असं धरू. एक कोरा कागद घ्या आणि त्यावर पुढच्या गोष्टी लिहा. तोंडी चर्चेत माणूस स्वतःला पटवत जातो, लिहिताना हात थांबतो.

आपण नेमकं काय कबूल केलं होतं, तेच शब्द. पर्चेस ऑर्डरमध्ये ४५० होतं की ‘४५० अधिक-उणे ५ टक्के’? तसं असेल तर ४२७.५ पर्यंतचा माल करारात बसतो आणि प्रश्न बराच लहान होतो.

कुणाला झळ पोचते. पार्टी, तिचं गिऱ्हाईक, आपले कामगार, आणि आपल्या गावाचं नाव. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. ते नाव कुणा एका कारखान्याचं नाही, त्यामुळे हलका माल किंवा बाहेरून आणलेली चादर त्या नावावर खपवली की शेजारच्या प्रामाणिक विणकराचंही नुकसान होतं.

निदान तीन वाटा. दोनच वाटा दिसत असतील, ‘गुपचूप पाठवा’ आणि ‘ऑर्डर बुडवा’, तर विचार पुरता झालेला नाही. इथे तरी चार आहेत: खरं वजन बिलावर लिहून ४१८ किलो सुताची किंमत वजा करणे; पार्टीला फोन करून दहा दिवस मागणे आणि नवा माल विणणे; निम्मा माल आता, निम्मा नंतर; हा माल खऱ्या जीएसएमच्या लेबलाखाली दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकणे. प्रत्येकीपुढे रुपयात तोटा लिहा.

प्रत्येक वाटेपुढे एक प्रश्न: हे बिलाच्या तळाशी लिहून पाठवता येईल का? जे लिहिता येत नाही ती वाट खोडा.

मग निर्णय कोण घेणार ते ठरवा आणि ज्याने चूक केली त्याला एकट्याला ठरवू देऊ नका. वेळ असेल तर एक रात्र जाऊ द्या. पार्टीला सांगायचं असेल तर माल निघण्याआधी सांगा; आधी सांगितलं तर त्याला खुलासा म्हणतात, पकडल्यावर सांगितलं तर कबुली. सांगताना कारणांचा पाढा नको: ‘वजन ४२० भरतंय, कबूल ४५० होतं. हे दोन पर्याय देतो, उद्या दुपारपर्यंत सांगा.’ शेवटी त्याच कागदावर एक ओळ, परत असं होऊ नये म्हणून काय बदललं. इथे उत्तर बहुधा भाव देण्याच्या फोनपाशी सापडेल: सुताचा चालू दर, सायझिंग, मजुरी आणि वीज मांडल्याशिवाय भाव द्यायचा नाही.

हाच कागद इतर प्रसंगांना चालतो, पण काही गोष्टींना कागदाची गरजच नाही, त्या आधीच नाही म्हणून ठरवून ठेवायच्या. रंगाचं पाणी रात्री नाल्यात सोडणं. चौदा वर्षांखालच्या मुलाला कांडीवर बसवणं. आणि लाच. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली तर सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवलं तरच बचाव मिळतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. तो मुनिमाच्या टेबलावर चिकटवा. अधिकारी समोर बसलेला असताना नंबर शोधायची वेळ येऊ नये.

कुलूप

मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात पहाटे आग लागली आणि आठ जण गेले. त्यात मालक, त्यांच्या घरातली माणसं आणि लहान मूल होतं. सूत आणि टॉवेल कसे पेटतात आणि किती धूर होतो, हे या गावाला वेगळं सांगायला नको. तुमच्या कारखान्यात रात्री कुणी झोपत असेल, तर आजच बघा: चोरीच्या भीतीने बाहेरून कुलूप लागतं का? जिन्यात आणि दुसऱ्या दारासमोर गाठी रचल्या आहेत का? मालाच्या सुरक्षेसाठी माणसाला कोंडायचं नाही, हा नियम पानावर पहिल्या क्रमांकाला लिहा. दुसरं दार आतून, किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. महिन्यातून एकदा रातपाळीत दिवे घालवून माणसं किती वेळात बाहेर येतात ते घड्याळ लावून मोजा आणि तो आकडा फळ्यावर लिहा.

तीन महिन्यांनी

तक्रार करणाऱ्या प्रत्येकाचं नाव एका वहीत असेल, ती मालकाच्या कपाटात. तीन महिन्यांनी ती उघडा आणि शेजारी चार गोष्टी मांडा: त्याची हजेरी, त्याला मिळालेले बीम किंवा कामं, जादा तास आणि पगार, तक्रारीच्या आधीचे तीन महिने आणि नंतरचे. पगार खाली आला असेल आणि त्याचं कारण वहीत सापडत नसेल, तर मुकादमाला बोलावण्याआधी त्या विणकराच्या मागापाशी जा आणि बीम स्वतः बघा.